लाळेची राखण आणि मुलांचे दात

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय असलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचा वरचा ओठ उचलून पाहिला, तर बऱ्याचदा एक ठरावीक चित्र दिसतं. वरचे पटाशीचे चार दात हिरडीलगत निस्तेज पांढरे पडलेले असतात. काही महिन्यांनी तेच तपकिरी होतात, कडेने तुटत जातात आणि शेवटी नुसते खुंट उरतात. त्याच तोंडात खालचे पुढचे चार दात मात्र स्वच्छ आणि शाबूत असतात. दूध दोन्हीकडे तेच, साखर तीच, जंतूही तेच. ब्रश होत नसेल तर तो दोन्हीकडे सारखाच होत नसतो. तरी वरचे दात जातात आणि खालचे टिकतात.

याचं एक कारण म्हणजे बाटली चोखताना मुलाची जीभ पुढे येऊन खालच्या दातांवर पसरते. त्याहून मोठं कारण जिभेखाली आहे. आपल्या तोंडात मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक जोडी कानांपुढे गालात, दुसरी खालच्या जबड्याच्या आत आणि तिसरी जिभेखाली. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीच्या नळ्या खालच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे उघडतात. तिथे लाळ सतत पाझरते. वरच्या पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला मात्र ती फार थोडी आणि फार हळू पोहोचते. दातांवरून सरकणारा लाळेचा थर जेमतेम एकदशांश मिलिमीटर जाडीचा असतो. मोजमापं सांगतात की वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला तो मिनिटाला एक मिलिमीटरही सरकत नाही, तर खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला त्याचा वेग आठ मिलिमीटरपर्यंत जातो. दहापट वेगाचा हा फरक लहान मुलाच्या तोंडात उघड्या डोळ्यांनी दिसतो.

बाळाच्या गळ्यात लाळेरं बांधणारे आपण लाळेकडे पुसून टाकायची गोष्ट म्हणूनच पाहतो. दातांच्या बाबतीत शरीराने केलेली राखण मात्र जवळजवळ सगळी या लाळेतच आहे. अलीकडे या राखणीतल्या एका भागाबद्दल, म्हणजे लाळेतल्या अँटिऑक्सिडंटबद्दल, बरंच बोललं जातं. हे घटक कमी झाले की मुलांचे दात किडतात, म्हणून ते वाढवा, असा सरळ हिशेब मांडला जातो. तो हिशेब इतका सरळ नाही, आणि तो का नाही हे पालकांना कळलं तर त्यांचा पैसा आणि मुलांचे दात दोन्ही वाचतील असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सुरुवातीपासून पाहू.

दात किडतो म्हणजे काय होतं? दाताचं बाहेरचं कवच, एनॅमल, हे शरीरातलं सर्वांत टणक द्रव्य. ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचं बनलेलं असतं. त्याला टणकपणा आहे, पण आम्लापुढे ते टिकत नाही. दातांवर जंतूंचा एक चिकट थर कायम असतो. ब्रशने तो काढला तरी थोड्या वेळात पुन्हा बसू लागतो. साखर किंवा मऊ शिजलेला, पिठूळ स्टार्च मिळाला की या थरातले काही जंतू त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता मोजायच्या पीएच पट्टीवर सात म्हणजे उदासीन. थरातला पीएच साधारण साडेपाचाच्या खाली उतरला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. दुधाच्या दातांचं एनॅमल कायमच्या दातांच्या जवळजवळ निम्म्या जाडीचं असतं, त्यामुळे तिथे भोक पडायला वेळ लागत नाही.

विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता. १८९० साली त्याने तोंडातल्या सूक्ष्मजंतूंवर ग्रंथ लिहिला आणि दात किडण्याची ही जंतू-आम्लाची उपपत्ती मांडली. काढलेले दात त्याने लाळेत ठेवले आणि त्यात पाव घातला, तेव्हा दातांतले क्षार विरघळले. पावाऐवजी मांस घातलं तेव्हा तसं झालं नाही. पुढे १९२४ साली ब्रिटनमध्ये किलियन क्लार्कने किडलेल्या दातांमधून एक जंतू वेगळा काढला आणि त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हे नाव दिलं. मिलरच्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भांड्यात साठून राहिलेल्या लाळेने दात वाचवला नाही, उलट तिच्यातल्या जंतूंनीच आम्ल तयार केलं. तोंडातली लाळ दात वाचवते, कारण ती वाहती असते. जुनी गिळली जाते आणि तिच्या जागी ताजी येत राहते.

ही वाहती लाळ काय करते ते १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफनच्या मोजणीतून स्पष्ट झालं. त्याने माणसांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि बारीक इलेक्ट्रोडने दातांवरच्या थराचा पीएच मोजत राहिला. चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच झपकन खाली गेला. मग तो हळूहळू चढू लागला आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागला. ती खाली जाणारी रेष जंतूंनी काढली आणि वर येणारी लाळेने. दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही हा आलेख शिकतात.

या आलेखात पालकांसाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे वेळ. मुलाने जेवणासोबत एकदा गोड खाल्लं तर एकदाच पीएच उतरतो आणि एकदाच चढतो. तेवढंच गोड त्याने दिवसभरात आठ वेळा थोडंथोडं खाल्लं, कधी बिस्किट, कधी चॉकलेट, कधी बाटलीतल्या सरबताचा घोट, तर आठ वेळा तेच घडतं. म्हणजे दिवसाचे चार ते आठ तास दात आम्लात राहतात आणि लाळेला भरपाई करायला उसंत मिळत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. जेवणासोबत साखर दिली तेव्हा कीड थोडीच वाढली. चिकट टॉफी जेवणांच्या मधल्या वेळात दिली तेव्हा मात्र ती झपाट्याने वाढली. हा प्रयोग मानसिक अपंगत्व असलेल्या, स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या माणसांवर केला गेला. त्यांच्या दातांची किंमत देऊन हे ज्ञान आपल्यापर्यंत आलं आहे, त्यामुळे ते वापरताना निदान त्या माणसांची आठवण ठेवायला हवी.

आता लाळेकडे वळू. तिच्यात ९९ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. हे पाणी अन्नाचे कण आणि साखर धुऊन नेतं. उरलेल्या एक टक्क्याहून कमी भागात बाकीची सगळी करामत आहे. बायकार्बोनेट आम्ल मारतं, आणि चावल्यामुळे लाळ जास्त सुटते तेव्हा त्याचं प्रमाणही वाढतं. म्हणूनच गाजर, काकडी, भाकरी यांसारखं चावून खायचं अन्न दातांना मानवतं. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं भरलेलं असतं की ते कधीही स्फटिक होऊन खाली बसू शकेल. स्टॅथेरिन नावाचं एक प्रथिन ते होऊ देत नाही. त्यामुळे हा खनिजांचा साठा विरघळलेल्या रूपात दातांभोवती तयार असतो. पीएच वर चढला की ही खनिजं एनॅमलमध्ये पुन्हा भरू लागतात. थोडं फ्लोराइड हजर असेल तर ही भरणी लवकर होते आणि नवे स्फटिक आम्लाला जास्त दाद देत नाहीत. हिरडीलगत दिसणारा तो निस्तेज पांढरा पट्टा याच अवस्थेत असतो. तिथे भोक पडलेलं नसतं, फक्त खनिजं गेलेली असतात आणि ती परत आणता येतात. तपकिरी खड्डा पडल्यावर मात्र लाळेला तो भरून काढता येत नाही.

लाळेत जंतूंना आवरणारे घटकही आहेत. लायसोझाइम जंतूंच्या भिंती फोडतं. हे अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२१ च्या सुमारास नाकातल्या स्रावात आधी सापडलं, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवतं आणि जंतूंना ते मिळू देत नाही. आणि या घटकांच्या शेजारीच अँटिऑक्सिडंट आहेत.

ऑक्सिजन वापरणाऱ्या प्रत्येक सजीवात ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल ही त्यांची नावं. ते शेजारच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पेशींच्या आवरणाचं, प्रथिनांचं, डीएनएचं नुकसान करतात. तोंडात ते तीन ठिकाणांहून येतात. काही जंतू स्वतः पेरॉक्साइड सोडतात. हिरडीच्या फटीतून तोंडात येणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंवर मारा करताना ते सोडतात. अन्नातूनही थोडे येतात. अशा रेणूंना शांत करणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट.

लाळेतला सर्वांत मोठा अँटिऑक्सिडंट कोणता, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. तो युरिक आम्ल आहे, तेच जे वाढलं की मोठ्यांच्या पायाचा अंगठा सुजतो. लाळेची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजली तर तिचा सुमारे ७० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा एकट्या युरिक आम्लाचा निघतो. ते रक्तातून लाळेत उतरतं. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये युरिक आम्ल तोडणारं युरिकेज हे एन्झाइम असतं. माणूस आणि त्याचे जवळचे वानर नातेवाईक यांच्यात उत्क्रांतीच्या ओघात ते निकामी झालं, म्हणून आपल्या रक्तात आणि लाळेत युरिक आम्ल जास्त राहतं. त्याच्या जोडीला क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन आणि अल्ब्युमिन थोड्या प्रमाणात असतात. शिवाय सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइम असतात.

यातलं पेरॉक्सिडेज मला सगळ्यात लक्षवेधक वाटतं, कारण ते एका वेळी दोन कामं करतं. लाळेत थायोसायनेट नावाचा एक घटक असतो. त्याचा काही भाग कोबी, मुळा, मोहरी यांसारख्या भाज्यांमधून येतो. पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइड घेतं, त्याची थायोसायनेटशी क्रिया घडवतं आणि त्यातून पाणी व हायपोथायोसायनाइट तयार होतं. पेरॉक्साइड नाहीसं झालं, म्हणजे तोंडाच्या नाजूक त्वचेचं संरक्षण झालं. आणि तयार झालेलं हायपोथायोसायनाइट जंतूंच्या साखर पचवायच्या यंत्रणेलाच अडवतं. साखर पचली नाही की आम्ल तयार होत नाही. कोरड्या तोंडाचा त्रास असलेल्या रुग्णांसाठी बनवलेल्या काही टूथपेस्टमध्ये ही एन्झाइम घातली जातात, ती याच कारणासाठी.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग हिशेब सरळच झाला की. अँटिऑक्सिडंट जास्त, तर कीड कमी. आडकाठी इथेच आहे.

पहिली गोष्ट, एनॅमल ही खनिजं आहेत, जिवंत पेशी नाहीत. पेरॉक्साइड किंवा सुपरऑक्साइडने एनॅमल विरघळत नाही, ते आम्लाने विरघळतं. त्यामुळे अँटिऑक्सिडंटचा किडीशी असलेला संबंध थेट नाही. तो जंतूंमधल्या चढाओढीतून आणि हिरड्यांच्या व लाळग्रंथींच्या आरोग्यातून, असा वळसा घेऊन येतो.

दुसरी गोष्ट त्या चढाओढीची. दातांवर राहणाऱ्या जंतूंमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस नावाचा एक जंतू आहे. तो निरोगी दातांवर भरपूर आढळतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. हे पेरॉक्साइड म्यूटन्सला सोसत नाही, कारण म्यूटन्सकडे ते तोडणारं कॅटालेज नाही. म्हणजे पेरॉक्साइड हे इथे आपल्या बाजूच्या जंतूचं शस्त्र आहे. लाळेतलं पेरॉक्सिडेज ते शस्त्र काढून घेतं, पण त्या बदल्यात हायपोथायोसायनाइट देतं. एकाच एन्झाइमने एकीकडे म्यूटन्सचं संकट दूर केलं आणि दुसरीकडे त्याच्या पोटावर पाय दिला. यातली कोणती बाजू जड ठरेल, हे त्या तोंडात साखर किती, लाळ किती वाहते आणि कोणते जंतू आधी येऊन बसले आहेत यावर अवलंबून असतं. निसर्गातला हा समतोल एका आकड्यात मावत नाही.

आता मुलांच्या लाळेवरचे अभ्यास काय सांगतात ते पाहू. गेल्या दोन-अडीच दशकांत भारत, तुर्कस्तान, इराण, ब्राझील अशा अनेक देशांत कीड असलेल्या आणि नसलेल्या मुलांची लाळ घेऊन तिची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मोजली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मंगळूरच्या अभ्यासात लहानपणीच दात किडलेल्या मुलांच्या लाळेत ही क्षमता निरोगी मुलांपेक्षा जास्त आढळली. इतर अनेक अभ्यासांतही असंच दिसलं. काहींमध्ये नेमकं उलट, म्हणजे किडलेल्या मुलांत कमी, असं आलं.

किडलेल्या तोंडात अँटिऑक्सिडंट जास्त, म्हणजे त्यांनी कीड वाढवली का? पेटलेल्या घरासमोर अग्निशमनाचे बंब उभे दिसतात म्हणून बंबांनी आग लावली असं कोणी म्हणत नाही. किडलेल्या तोंडात जंतू जास्त असतात, हिरड्या सुजलेल्या असतात, पांढऱ्या पेशी जास्त येतात, रक्तातून प्रथिनं झिरपतात. त्याला शरीर उत्तर देतं आणि लाळेतले संरक्षक घटक वाढतात. किडीमुळे अँटिऑक्सिडंट वाढले असण्याची शक्यता इथे खूपच जास्त आहे. हे बहुतेक अभ्यास एकाच वेळी एकदाच लाळ घेऊन केलेले आहेत, त्यामुळे आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे त्यांतून कळत नाही. ते कळायला निरोगी मुलांची लाळ आधी घ्यावी लागते आणि मग वर्षानुवर्षं त्यांचे दात तपासावे लागतात.

मोजणीतही अडचणी आहेत. सर्वांत प्रचलित चाचण्यांपैकी एक १९९६ साली हाँगकाँगमध्ये विकसित झाली. तिच्यात लोहाचं एक संयुग लाळेत मिसळतात. अँटिऑक्सिडंट त्या लोहाला इलेक्ट्रॉन देतात, मिश्रण निळं होतं आणि निळा रंग जितका गडद तितकी क्षमता जास्त धरतात. चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. पण हा रंग मुख्यतः युरिक आम्ल आणतं. एन्झाइमचं काम या रंगात उतरत नाही. ग्लुटाथायोनही नीट मोजलं जात नाही. म्हणजे किडीच्या बाबतीत सर्वांत कामाचं असलेलं पेरॉक्सिडेज या 'एकूण' क्षमतेत धरलेलंच नसतं! शिवाय लाळ कमी सुटत असेल तर तिच्यातले घटक दाट होतात आणि आकडा फुगतो. सकाळी घेतलेली लाळ आणि दुपारी घेतलेली लाळ वेगळी असते. मुलाने नुकतंच काय खाल्लं यावरही फरक पडतो. म्हणून एखाद्या प्रयोगशाळेने मुलाच्या लाळेची अँटिऑक्सिडंट तपासणी करून किडीचं भाकीत देऊ केलं, तर त्यावर आज पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. संशोधनासाठी हा विषय मोलाचा आहे. घरी निर्णय घ्यायला तो अजून तयार नाही.

लाळेच्या ज्या गुणाचा किडीशी असलेला संबंध पक्का आहे, तो म्हणजे तिचा प्रवाह. कर्करोगावरच्या किरणोपचारात लाळग्रंथी किरणांच्या मार्गात आल्या आणि लाळ आटली, तर एरवी निरोगी असलेले दात काही महिन्यांत झपाट्याने किडू शकतात. याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

मुलांमध्ये लाळ इतकी आटत नाही, पण कमी होते, आणि आपल्याकडे त्याचं एक दुःखद कारण आहे. भारतातल्या दीर्घकाळ कुपोषित मुलांवरचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. अशा मुलांत चावताना सुटणारी लाळ कमी होती, तिची आम्ल मारायची ताकद कमी होती आणि कीड जास्त होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मुलं रक्तक्षयी आढळली. त्या मुलांच्या हातात आता दोन-पाच रुपयांत बिस्किटाचा पुडा सहज येतो. एका बाजूला राखण कच्ची आणि दुसऱ्या बाजूला साखरेचा मारा, असं हे दुहेरी संकट आहे. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून किंचित जास्त मुलांचे दात किडलेले होते. पोषण आणि दात यांची कामं दोन वेगळ्या खात्यांत ठेवणं मला चुकीचं वाटतं. अंगणवाडीत मुलाचं वजन करतानाच त्याचे दातही पाहिले गेले पाहिजेत.

लाळ कमी पडायची इतरही कारणं असतात. नाक चोंदल्यामुळे किंवा अॅडेनॉइड वाढल्यामुळे तोंड उघडं ठेवून श्वास घेणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात कोरडे राहतात. सर्दी-ॲलर्जीच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. मुलांची बरीच औषधं गोड सिरपमध्ये असतात आणि ती रात्री झोपताना दिली जातात. औषध बंद करू नये, पण ते दिल्यावर पाणी पाजावं आणि शक्य असेल तर ब्रशच्या आधी द्यावं.

रात्रीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. झोपेत लाळ सुटणं जवळजवळ थांबतं. दिवसा अर्ध्या-एक तासात वर येणारी स्टीफनची ती रेष रात्री फार सावकाश चढते. त्या वेळी तोंडात साखर घातलेलं दूध, बाटलीतलं सत्त्व किंवा मधाचं बोट असेल, तर एनॅमलमध्ये तासन्‌तास आम्ल मुरत राहतं. बाळगुटी मधात उगाळून द्यायची पद्धत अनेक घरांत आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये. त्यातून बॉट्युलिझम होण्याचा धोका असतो. आणि दात आल्यावर रात्री मध चाटवणं दातांसाठीही वाईट.

आता बाजारातल्या उत्पादनांबद्दल. मुलांसाठी अँटिऑक्सिडंट किंवा रोगप्रतिकारशक्तीच्या नावाने चघळायच्या गोळ्या आणि गमी विकल्या जातात. क जीवनसत्त्व हे स्वतःच आम्ल आहे, ॲस्कॉर्बिक आम्ल. त्याची गोळी तोंडात घोळवत ठेवली तर एनॅमल झिजतं. साखरेची गमी तर दाढेच्या खाचेत चिकटून बसते. क जीवनसत्त्व मुलाला हवंच, आणि पेरू, आवळा, संत्री, पालेभाज्यांमधून ते जेवणासोबत पोटात जावं. त्याच्या कमतरतेने हिरड्या सुजतात आणि रक्त येतं, ते वेगळं. किडीवरचा उपाय म्हणून गोळी घेण्याला आधार नाही.

आधार आहे तो फ्लोराइडला. पहिला दात आला की मऊ ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. पाकिटावर पीपीएमचा आकडा असतो, तो १,००० च्या आसपास असावा. रात्रीचा ब्रश झाल्यावर मुलाने थुंकावं, खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशवर मोठ्या माणसाचा हात असावा, कारण तोपर्यंत मुलाच्या बोटांना ती नेमकी हालचाल जमत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्ट निवडताना दंतवैद्याला विचारावं. पांढरे पट्टे दिसू लागले असतील तर दंतवैद्य फ्लोराइडचं वार्निश लावतात, वर्षातून दोन ते चार वेळा. खड्डा पडला असेल आणि मूल यंत्राला घाबरत असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावून कीड थांबवता येते. दात तिथे काळा पडतो, पण दुखणं आणि भूल दोन्ही टळू शकतात.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढी काळजी कशाला, असं अनेक घरांत म्हटलं जातं. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर मूल त्यांनीच खातं, आणि कायमच्या दातांची जागाही त्याच धरून ठेवतात. याहून मोठी गोष्ट म्हणजे, सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून बऱ्याच आई-वडिलांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. नव्याने उगवलेल्या या दाढेचं एनॅमल अजून कच्चं असतं, लाळेतली खनिजं मुरून ते पक्कं व्हायला वेळ लागतो आणि तिच्या खोल खाचांत ब्रश पोहोचत नाही. मूल पहिलीत गेलं की त्याला दंतवैद्याकडे नेऊन ही दाढ दाखवा आणि तिच्या खाचा सीलंटने बंद करून घ्यायच्या का हे विचारा. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.